सरकार बदललं त्या दिवशी तुम्ही ऑफिसात होतात का? (व्हिक्टोरिया आणि शेजारची राज्यं)

प्रवराकाठ
नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्य सरकारची चौतीस वर्षांची नोकरी संपवून मागच्या महिन्यात घरी बसलो. कपाट आवरताना जुन्या डायऱ्या निघाल्या. आपल्यातले कितीतरी जण इथल्या सरकारी खात्यांत, शाळांत, वीजमंडळात राबले, पण त्यांच्या आठवणी कुठे लिहिलेल्या दिसत नाहीत. म्हणून हा धागा.

१९८९ला मेलबर्नला आलो तेव्हा पाठीशी महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याची सहा वर्षं होती, त्यातली बरीचशी भंडारदऱ्याला. साहेबांच्या केबिनबाहेर चपला काढून उभी राहणारी माणसं मी पाहिली होती. इथे पाण्याच्या एका खात्यात लागलो. पहिल्याच आठवड्यात दहाच्या चहाला एक उंच गृहस्थ हातात मग घेऊन शेजारी येऊन बसले, नुसतं नाव सांगितलं आणि गोदावरीच्या कालव्यांबद्दल विचारत राहिले. ते खात्याचे सचिव होते हे मला दुपारी कळलं. पुढे वर्षभर त्यांना नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळायची.

पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत तीन प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) पाहिले. जॉन केन गेले, १९९०मध्ये जोन कर्नर आल्या (राज्याच्या पहिल्या महिला प्रीमियर), आणि ३ ऑक्टोबर १९९२च्या निवडणुकीत लेबरला हरवून लिबरल पक्षाचे जेफ केनेट. निवडणुकीआधी आमच्या खात्यात दोन फोल्डर तयार व्हायचे: लेबर जिंकली तर लाल, लिबरल जिंकले तर निळा. नव्या मंत्र्याला पहिल्या दिवशी काय माहीत हवं, तुमची आश्वासनं अमलात आणायला किती वेळ आणि पैसा लागेल, अडचणी कुठे आहेत, सगळं त्यात. मतदान शनिवारी. सोमवारी एक फोल्डर वर जायचा.

तर प्रश्न असा: सरकार बदललं तेव्हा तुमच्या टेबलावर काय बदललं? आणि मंत्र्याला न आवडणारी गोष्ट लिहून द्यायची मुभा तेव्हा जास्त होती की आता?

ठाणे_ते_ट्रुगानिना
काका, धागा मस्त. माझा सरकारशी संबंध रेगो (गाडीच्या नोंदणीची फी) भरण्यापुरता आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात सॉसेज खाण्यापुरता, त्यामुळे वाचत बसणार. पण एक बाळबोध प्रश्न: हरलेल्या पक्षाच्या फोल्डरचं काय होतं?

लाल_पेन
मी होते. ऑफिसात नाही, वर्गात.

मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवत होते. १९९२चं वर्ष संपता संपता शाळा बंद करायच्या याद्या यायला लागल्या. केनेट सरकारच्या काळात साडेतीनशेच्या आसपास शाळा बंद झाल्या आणि हजारो शिक्षक कमी झाले. आमच्या शाळेचं नाव दुसऱ्या खेपेला आलं. आम्हाला 'जादा' ठरवलं गेलं. पगार चालू, पण कुठल्याच शाळेच्या पटावर नाव नाही. स्टाफरूममध्ये पॅकेज (नोकरी सोडण्याबद्दल मिळणारी रक्कम) हा शब्द तेव्हा रोज ऐकू यायचा. कोण घेतंय, किती आठवड्यांचं मिळतंय, पन्नाशीच्या माणसाने घ्यावं की थांबावं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तेवीस वर्षं नोकरी केली होती. त्यांनी पॅकेज घेतलं आणि वर्गातला पृथ्वीचा गोल तेवढा घरी नेला. मुख्याध्यापकांनी स्वतः तो त्यांच्या गाडीत ठेवला.

१० नोव्हेंबर १९९२चा मोर्चा आठवतो का कुणाला? लाखाच्या वर माणसं रस्त्यावर होती. मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन गेले होते. सासूबाई भारतातून आलेल्या, त्या म्हणाल्या, "सरकारी नोकर असून मोर्चात? नोकरी जाईल." मी म्हटलं, आई, नोकरी जातेच आहे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. प्रेस्टनजवळची नॉर्थलँड माध्यमिक शाळाही बंद केली होती. तिथे आदिवासी मुलं बऱ्याच संख्येने होती. त्या मुलांनी भेदभावाविरुद्ध दावा लावला, तो वरपर्यंत लढवला, आणि १९९५मध्ये सरकारला ती शाळा परत उघडावी लागली. आमच्यासाठी कुणी लढलं नाही, पण त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

हिशोबनीस
लाल_पेन ताई, तुमच्या शाळेबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण दुसरी बाजू मांडतो, कारण तेव्हा मी आकड्यांच्या बाजूला बसलो होतो.

१९९०मध्ये काय झालं ते आठवा. स्टेट बँक ऑफ व्हिक्टोरियाच्या ट्रायकॉन्टिनेंटल या उपकंपनीची कर्जं इतकी बुडाली की अख्खी स्टेट बँक कॉमनवेल्थ बँकेला विकावी लागली. त्याच वर्षी जिलाँगची पिरॅमिड बिल्डिंग सोसायटी बुडाली आणि ठेवीदारांचे पैसे परत करायला पेट्रोलवर लिटरमागे तीन सेंट अधिभार लागला. नवं सरकार आलं तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. केनेटनी घरटी शंभर डॉलरचा वार्षिक कर बसवला, २१० नगरपालिकांच्या ७८ केल्या. लोकांना ते आवडलं नाही, पण तेच लोक १९९६ला त्यांना पुन्हा निवडून देऊन मोकळे झाले.

मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो: जे चटके बसले ते आधीच्यांच्या उधळपट्टीचे होते. फक्त एक गोष्ट त्यांनी चुकीची केली. १९९७मध्ये महालेखापरीक्षकांचे पंख छाटले. स्वतःचे हिशोब तपासणाऱ्यालाच दुबळं करणारं सरकार मला सहन होत नाही, मग ते कितीही काटकसरी असो. १९९९ला मी त्याच एका कारणासाठी मत बदललं.

मोरवेलकर
हिशोबनीस साहेब, चटके कुणाला बसले ते आमच्या लॅट्रोब व्हॅलीत येऊन बघायला हवं होतं.

मी कोराडीच्या वीज केंद्रातून १९८६ला इथे आलो. कोराडीला काळा दगडी कोळसा, इथे तपकिरी. त्यात साठ टक्क्यांहून जास्त पाणी! पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं, ही ओली माती जाळणार तरी कशी? पण स्टेट इलेक्ट्रिसिटी कमिशनने ती विद्या १९२०च्या दशकापासून बसवली होती. पहिल्या महायुद्धातले सेनापती जॉन मोनॅश त्याच्या पहिल्या प्रमुखांपैकी. आम्ही सगळे त्याला 'एसइसी' म्हणायचो. मोई, मोरवेल, ट्रॅरलगन, या तिन्ही गावांत घरटी एक माणूस एसइसीत. दर वर्षी शेकडो पोरं अप्रेंटिस म्हणून लागायची. फिटर, वेल्डर, वायरमन तयार करणारी ती आमची शाळाच होती.

मग एसइसीचे तुकडे झाले आणि एकेक विकला गेला. हेझलवूड वीज केंद्र १९९६ला २.३५ अब्ज डॉलरला गेलं. आकडा मोठा आहे, तिजोरीला उपयोग झाला असेल, नाही म्हणत नाही. पण मोई गावात माझ्या गल्लीत एका वर्षात अकरा घरांवर 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. किंमत इतकी पडली की विकणाऱ्याला मेलबर्नमध्ये गॅरेजही आलं नसतं. मुलाच्या फुटबॉल क्लबला संघ पुरा करायला पोरं मिळेनात, कारण बाप कामाच्या शोधात क्वीन्सलँडला आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला गेलेले.

२०१४च्या फेब्रुवारीत हेझलवूडच्या खाणीला आग लागली, ती ४५ दिवस धुमसत होती. मोरवेलच्या दक्षिण भागात राख दारंखिडक्यांच्या फटींतून घरात यायची. मी तेव्हा निवृत्त होतो, तरी रोज सकाळी खाणीच्या कडेला जाऊन उभा राहायचो. मार्च २०१७मध्ये केंद्र बंद झालं.

२०२२च्या निवडणुकीआधी तेव्हाचे प्रीमियर डॅनियल अँड्र्यूजनी एसइसी परत आणायचं जाहीर केलं, तेव्हा माझ्या बायकोने फोडणी अर्धी टाकून टीव्हीचा आवाज वाढवला. जुनी एसइसी ती नव्हे, हे मला कळतं. तरी ती तीन अक्षरं ऐकून घशात आवंढा आला.

हिशोबनीस
मोरवेलकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या काळात मी व्हॅलीत एकदाही गेलो नव्हतो. विक्रीचा निर्णय मला आजही पटतो. गावांना वाऱ्यावर सोडणं पटत नाही, आणि आम्ही केलेल्या हिशोबात ते खातंच नव्हतं.

दप्तर_आणि_गॅझेट
केनेटच्या काळाबद्दल सगळे बोलतात, म्हणून जरा मागे जातो.

जानेवारी १८७८. प्रीमियर ग्रॅहम बेरी. वरच्या सभागृहाने खर्चाचं विधेयक अडवलं, कारण त्यात आमदारांना मानधन द्यायची तरतूद होती. (मानधन नसेल तर गरिबाने आमदार व्हायचं कसं, हा बेरींचा मुद्दा.) पगाराला पैसे नाहीत म्हणत बेरींनी एका फटक्यात न्यायाधीश, दंडाधिकारी आणि वरिष्ठ अधिकारी मिळून दोनशेहून जास्त जणांना काढून टाकलं. याला इथे 'काळा बुधवार' म्हणतात. पुढे १८८३मध्ये पब्लिक सर्व्हिसचा कायदा झाला आणि नेमणुका मंत्र्याच्या हातून काढून स्वतंत्र मंडळाकडे गेल्या. प्रवराकाठ काका, तुमची खुर्ची १९९२ला शाबूत राहिली त्याची मुळं या दोन तारखांमध्ये आहेत.

दुसरी गोष्ट १९०३ची. मे महिन्यात रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरांनी संप केला. सरकारने त्यांच्या संघटनेला ट्रेड्स हॉलशी (कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संस्थेशी) संबंध तोडायला सांगितलं होतं, त्यावरून. संप आठवडाभरात मोडला. त्याच वर्षीच्या कायद्याने राज्यातल्या सरकारी नोकरांना आणि रेल्वेवाल्यांना सर्वसाधारण मतदारसंघांतून बाहेर काढून त्यांचे वेगळे मतदारसंघ केले! म्हणजे तुम्ही रिचमंडला राहता, पण रिचमंडच्या आमदारासाठी मत देऊ शकत नाही, का, तर तुम्ही सिग्नलमन आहात. १९०६मध्ये ते रद्द झालं.

आणि त्या संपाच्या वेळी व्हिक्टोरियाचे गव्हर्नर कोण? सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क. हेच गृहस्थ १९०७ला मुंबईचे गव्हर्नर झाले. १९०८मध्ये लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालून सहा वर्षांची शिक्षा झाली ती यांच्याच कारकिर्दीत. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज यांच्याच नावाचं.

मिसळ_पाहिजे
काय सांगता! मी सिडनहॅमचा. कॉलेजच्या नावाचा माणूस मी आज राहतो त्या राज्याचा गव्हर्नर होता हे आज कळलं.

जॅकरांडा
अवांतरात भर घालते, कारण आमच्या क्वीन्सलँडचाही मान आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १८९६ ते १९०१ क्वीन्सलँडचे गव्हर्नर, मग १९०३ ते १९०७ मुंबईचे. म्हणजे क्लार्कच्या लगेच आधी. चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला तो चौकोनी केक त्यांच्या घराण्याच्या नावाचा, आणि ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोडही. माझं माहेर गिरगावचं, ट्रान्झिस्टरचे सुटे भाग आणायला बाबांबरोबर लॅमिंग्टन रोडला जायचे. ब्रिस्बेनला ऑफिसात पहिल्यांदा लॅमिंग्टनची ताटली पुढे आली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम माझ्यासाठी आणलाय.

आता मूळ प्रश्न. मी १९८४पासून राज्य सरकारच्या एका खात्यात नकाशे काढायचे. सर जो बिएलके-पीटरसन तेव्हा प्रीमियर, १९६८पासून. मतदारसंघांची आखणी अशी की खेड्यातल्या मताचं वजन शहरातल्या मतापेक्षा जास्त. वरचं सभागृह १९२२लाच बरखास्त झालेलं, त्यामुळे अडवणारं कुणी नाही. पत्रकार परिषदेला ते 'कोंबड्यांना दाणे टाकणं' म्हणायचे. १९८५मध्ये संपावर गेलेल्या वीज कामगारांना घाऊक कामावरून काढलं, तेव्हा आमच्या मजल्यावर जेवणाच्या सुट्टीत कुणी त्यावर अवाक्षर काढत नव्हतं. ती शांतता मला आणीबाणीतल्या मुंबईची आठवण करून द्यायची.

मग मे १९८७ला टीव्हीवर पोलिसांच्या हप्तेबाजीवर कार्यक्रम झाला आणि टोनी फिट्झजेराल्ड यांची चौकशी बसली. सहा आठवड्यांत आटपेल असं म्हणत होते. जवळपास दोन वर्षं चालली. संध्याकाळी बसमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना विचारायची, आज कोण साक्षीला होतं? पोलीस आयुक्त टेरी लुइस शेवटी तुरुंगात गेले. सर जो स्वतःच्याच पक्षाच्या दबावाने डिसेंबर १९८७ला पायउतार झाले, आणि १९८९च्या डिसेंबरमध्ये वेन गॉस यांचं लेबर सरकार आलं, बत्तीस वर्षांनी.

त्या सोमवारी माझ्या टेबलावर काही बदललं नाही. तोच नकाशा, तीच पेन्सिल. पण जेवणाच्या सुट्टीत आठ माणसं एकाच वेळी बोलत होती. पाच वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

लाल_पेन
जॅकरांडा, शेवटची दोन वाक्यं वाचून काटा आला.

नवखी_मेलबर्न
सगळ्यांना नमस्कार. मी आत्ताच्या पिढीची, एका खात्यात व्हीपीएस-४ (राज्य सरकारी नोकरीतली एक श्रेणी). आमच्याकडे सरकार बदललं नाही तरी खातं बदलतं. फेररचनेला इथे 'मॉग' म्हणतात, आणि लोक सरळ म्हणतात, "आम्हाला परत मॉग केलं". तीन वर्षांत माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावर तीन खात्यांची नावं आली, काम मात्र तेच. ईमेलचा पत्ता बदलला की जुन्या फायली सापडत नाहीत आणि जी व्यक्ती सांगू शकली असती ती दुसऱ्या इमारतीत गेलेली असते.

मला दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे परदेशातून येणाऱ्यांना हॉटेलात विलगीकरणात ठेवायचं ठरलं आणि दीड-दोन दिवसांत सगळी व्यवस्था उभी केली. मी तेव्हा विद्यार्थिनी होते आणि नंतर त्याची चौकशी करणाऱ्या जेनिफर कोट आयोगाच्या सुनावण्या ऑनलाइन बघत होते. हॉटेलवर खासगी सुरक्षारक्षक नेमायचं कुणी ठरवलं, या एका प्रश्नावर मंत्री, सचिव, पोलीस, सगळ्यांना विचारलं गेलं. कुणीच म्हणेना की मी ठरवलं. आरोग्यमंत्री जेनी मिकाकोस यांनी राजीनामा दिला, प्रीमियरच्या खात्याचे सचिव ख्रिस एकल्स गेले, तरी त्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. हॉटेलांतून पसरलेल्या त्या लाटेत शेकडो लोक गेले. माझ्या मैत्रिणीची आजी वृद्धाश्रमात होती.

ते बघून मी ठरवलं होतं की सरकारी नोकरी लागली तर प्रत्येक मीटिंगनंतर चार ओळी लिहून सगळ्यांना पाठवायच्या. तशा मी पाठवते. एकदा एका वरिष्ठांनी बाजूला घेऊन सांगितलं, "सगळंच लिहायचं नसतं." मी त्यांना कोट आयोगाचं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

हिशोबनीस
शाब्बास. लिहीत राहा.

ठाणे_ते_ट्रुगानिना
पण लिहिलं तरी माहिती अधिकाराखाली बाहेर येतं, म्हणून तर लोक लिहायला घाबरत नसतील ना? व्हिक्टोरियात तो कायदा १९८२चा आहे म्हणे, आपल्याकडे देशभर २००५ला आला.

दप्तर_आणि_गॅझेट
बरोबर, राज्यांमध्ये पहिला व्हिक्टोरियाचा. पण भीतीचं कारण मला दुसरं वाटतं. पूर्वी खात्याचा प्रमुख कायम असायचा. आता वरचे सगळे मुदतीच्या करारावर, आणि ती मुदतही पूर्ण होईल याची हमी नाही. तेव्हाच्या लोकपाल डेबोरा ग्लास यांचा २०२३च्या डिसेंबरमधला अहवाल वाचा. सत्ताधारी पक्षाची माणसं खात्यांत भरल्याचा आरोप त्यांना सिद्ध झालेला दिसला नाही, पण नोकरीच्या अशाश्वतीमुळे अधिकारी स्पष्ट सल्ला द्यायला कचरतात, ही काळजी त्यांनी नोंदवली आहे.

मोरवेलकर
हे पटलं नाही. कायमची नोकरी असूनही तोंड न उघडणारे ढीगभर पाहिले मी, कोराडीतही आणि इथेही. आणि पॅकेजची टांगती तलवार असताना खाणीच्या भिंतीबद्दल लेखी तक्रार करणारा एक फोरमन पाहिला. शेवटी माणसावर आहे.

नवखी_मेलबर्न
काका, माणसावर आहे हे खरं. पण घरभाडं आणि पोराची शाळा डोक्यावर असलेल्या माणसावर किती टाकायचं?

मोरवेलकर
हं. हेही खरं आहे पोरी.

ठाणे_ते_ट्रुगानिना
माझ्या फोल्डरचं उत्तर राहिलं बरं का! प्रवराकाठ काका कुठे गायब?

प्रवराकाठ
इथेच आहे, सगळं वाचत होतो. गव्हर्नरांच्या यादीत माझीही एक भर: भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाला ज्यांचं नाव आहे ते सर लेस्ली विल्सन मुंबईनंतर १९३२ ते १९४६ क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. त्या धरणावर मी नोकरी केली आणि हे मला ब्रिस्बेनच्या एका सहलीत कळलं.

आता फोल्डर. १९९९ची गोष्ट सांगतो. १८ सप्टेंबरला मतदान झालं. सगळ्यांना वाटत होतं केनेट सहज येणार, म्हणून आमच्या निळ्या फोल्डरवर जास्त मेहनत झालेली. निकाल त्रिशंकू. त्यातच फ्रँकस्टन ईस्टचे आमदार मतदानाच्याच दिवशी वारले, त्यामुळे तिथलं मतदान १६ ऑक्टोबरला परत. महिनाभर काळजीवाहू सरकार. नवा निर्णय नाही, नवा करार नाही. दोन्ही फोल्डर एकाच कपाटात कुलूप लावून.

सरकार कुणाचं हे तीन अपक्षांच्या हातात होतं. महालेखापरीक्षकांचे अधिकार परत द्या ही त्यांची एक अट, हिशोबनीस, तुमच्या मनासारखी. त्यांच्यातले क्रेग इंग्रॅम पूर्व गिप्सलँडचे, आणि त्यांचा जीव स्नोई नदीत. जिंडाबाइन धरणाखाली त्या नदीत मूळ प्रवाहाच्या एक टक्क्याच्या आसपास पाणी उरलं होतं. ते अठ्ठावीस टक्क्यांवर न्यावं ही त्यांची मागणी. जी नदी आमच्या फोल्डरात पार मागे होती, तिच्याबद्दल अचानक रोज फोन यायला लागले.

स्नोईची पानं मी लिहिली होती. सात पानं. पाणी कुठून सोडता येईल, सिंचनाचं किती कमी होईल, वीजनिर्मितीवर काय परिणाम, खर्च किती. माझ्या वरिष्ठांनी आधी सुचवलं होतं की लाल फोल्डरात जरा उत्साहाने लिहू आणि निळ्यात जरा हात राखून. मी रात्रभर दोन वेगळे मसुदे करायचा प्रयत्न केला आणि सकाळी त्यांना सांगितलं, आकडे दोन तऱ्हेने मांडायला जमत नाही. ते एक मिनिट बघत राहिले, म्हणाले ठीक आहे, आणि सही केली. मी कायम नोकरीत होतो, ते करारावर. सही त्यांची होती.

२० ऑक्टोबरला लेबरच्या स्टीव्ह ब्रॅक्स यांचा शपथविधी झाला आणि लाल फोल्डर वर गेला. पुढच्या वर्षी स्नोईला पाणी सोडायचा दोन राज्यांचा समझोता झाला.

ठाणेकर, निळ्याची एक प्रत नोंदीसाठी दप्तरात गेली. बाकीच्या प्रती तिसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद डब्यात, कागद फाडायला न्यायच्या आधी. मी स्वतः टाकल्या. टाकताना सात पानं उघडून पाहिली, लाल फोल्डरातलीच होती, शब्दाला शब्द.